तारायानाची डागडुजी कोण करणार?

७ जानेवारी १९३४ या दिवशी अमेरिकी वृत्तपत्रांत अलेक्स रेमंड या चित्रकाराची ‘फ्लॅश गॉर्डन’ ही चित्रकथा सुरू झाली. मोंगो नावाचा ग्रह पृथ्वीच्या रोखाने येतो आहे, डॉ. झारकॉव्हने अग्निबाण बांधून ठेवला आहे, आणि पाहता पाहता तीन माणसे परग्रहावर उतरतात. पुढे १९६४ साली निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने वेताळ आणि मँड्रेकच्या जोडीने हा गॉर्डनही भारतात आणला. अनेक मराठी मुलांनी अंतराळ पहिल्यांदा पाहिले ते त्या रंगीत पानांवर. तिथपासून आजपर्यंत विज्ञानकथेच्या चित्रपुस्तकांत एक गोष्ट फारशी बदललेली नाही. एका चौकटीत यान उडते, पुढच्या चौकटीत ते दुसऱ्या सूर्याच्या उजेडात असते. मधला सगळा प्रवास दोन चौकटींमधल्या पांढऱ्या फटीत उरकलेला असतो. माझे म्हणणे असे की ताऱ्यांमधल्या प्रवासाची खरी गोष्ट त्या फटीतच आहे. ती वेगापेक्षा सांभाळाची गोष्ट आहे. आणि ती सांगायला लागणारे अनुभवाचे भांडवल महाराष्ट्रात कुठे असेल, तर ते भंडारा जिल्ह्यातल्या तलावांच्या पाळींवर आहे.

आधी अंतराचा हिशेब पाहू. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी. तो ४.२४ प्रकाशवर्षे, म्हणजे सुमारे ४० लाख कोटी किलोमीटर दूर आहे. ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटलेले व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने चालले आहे. सौरवाऱ्याची हद्द ओलांडायलाच त्याला ऑगस्ट २०१२ उजाडला. प्रॉक्सिमाइतके अंतर कापायला त्याला सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. पार्कर यानाने डिसेंबर २०२४ मध्ये सूर्याजवळून जाताना ताशी ६ लाख ९२ हजार किलोमीटरचा वेग गाठला. माणसाने बनवलेल्या कुठल्याही वस्तूने गाठलेला हा सर्वाधिक वेग. तो सूर्याच्या ओढीमुळे मिळालेला आहे, पण तो तसाच टिकवता आला असे धरले तरी प्रॉक्सिमा साडेसहा हजार वर्षांच्या वाटेवर राहतो. मग वेग वाढवावा, असे कोणीही म्हणेल. प्रकाशाच्या एक दशांश वेगाने एक किलो वजन पळवायचे तर साडेबारा कोटी युनिट वीज लागते, म्हणजे महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या एक लाख घरांची वर्षभराची वीज, तीही एका किलोसाठी. दहा हजार टनांच्या जहाजाला त्या वेगावर न्यायचे तर आज सारे जग सुमारे सात वर्षांत जेवढी ऊर्जा वापरते तेवढी ओतावी लागेल, आणि पोहोचल्यावर थांबायचे असेल तर पुन्हा तेवढीच.

ही ऊर्जा इंधन जाळून मिळणार नाही. जवाहरनगरची आयुध निर्माणी ज्या भंडारा जिल्ह्यात आहे, तिथल्या माणसांना रासायनिक ऊर्जेची ताकद कोणी समजावून सांगायला नको. २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात तिथल्या कामगारांचे प्राण गेले, ते दुःख जिल्ह्यात अजून ताजे आहे. जमिनीवर एवढी भयंकर असणारी ही ऊर्जा ताऱ्यांच्या अंतरापुढे मात्र अगदीच तोकडी पडते. उत्तमातल्या उत्तम रासायनिक अग्निबाणाचा झोत सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या आसपास बाहेर पडतो. रशियन शिक्षक त्सिओल्कोव्स्की यांनी १९०३ मध्ये मांडलेले समीकरण सांगते की हवा असलेला वेग या झोताच्या जितक्या पट, तितक्या वेळा इंधनाचा गुणाकार होत जातो. त्या हिशेबाने एक ग्रॅम वजन प्रकाशाच्या दशांश वेगावर न्यायला दिसणाऱ्या विश्वातले सगळे द्रव्य जाळले तरी पुरणार नाही. अणुसंमीलनाची आशा आहे, पण असे इंजिन आज कोणाकडेही नाही. शिवाय त्या वेगाला एक मिलिग्रॅम धुळीचा कण यानावर आदळला तर शंभर किलो टीएनटी फुटावे तसा आघात होईल. अवकाशच आकसून घेणाऱ्या इंजिनाचे गणित मिगेल अल्कुबिएरे या मेक्सिकन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडले खरे, पण त्याला लागणारी ऋण ऊर्जा त्या प्रमाणात मिळवायची कशी हे कोणालाच सांगता आलेले नाही. काही ग्रॅमचे यान लेझरने ढकलून वीस वर्षांत तिकडे धाडण्याची ‘ब्रेकथ्रू स्टारशॉट’ ही कल्पना २०१६ मध्ये जाहीर झाली, त्यात माणूस बसत नाही. माणसांनी जायचे म्हटले तर शतके आणि सहस्रके मोजावी लागतात. निघणारा पोहोचत नाही. पोहोचतो तो वाटेत जन्मलेल्यांच्या वाटेत जन्मलेला.

अशा पिढीजात जहाजाचा अभ्यास झालेला आहे. स्ट्रासबर्गचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेडरिक मारां यांनी २०१८ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर असा अंदाज मांडला, की ६,३०० वर्षांच्या प्रवासात वंश निरोगी राहायचा तर निघताना किमान ९८ माणसे हवीत. आकडा लहान वाटतो, पण त्यांचे खाणेपिणे, हवा, पाणी आणि भांडणे सगळी आतच निस्तरायची आहेत. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात ‘बायोस्फिअर २’ नावाची काचेची बंद इमारत बांधली होती, सव्वा हेक्टराहून थोडी मोठी. सप्टेंबर १९९१ मध्ये आठ माणसे दोन वर्षांसाठी आत गेली. शेत, जंगल, छोटासा समुद्र, सगळे आत होते. सोळा महिन्यांत हवेतला प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांपर्यंत उतरला आणि जानेवारी १९९३ मध्ये तो बाहेरून सोडावा लागला. भरघोस खत घातलेल्या मातीतले जिवाणू प्राणवायू खात होते, त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या भिंती शोषून घेत होत्या, त्यामुळे तो झाडांपर्यंत पोहोचून प्राणवायू परत मिळायचा मार्गच खुंटला. इतका साधा दुवा आधी कोणाच्या ध्यानात आला नव्हता. आणि त्या आठ माणसांत चार-चारचे दोन गट पडून बोलणे तुटले, ते वेगळेच. इंजिनाविना जागच्या जागी उभ्या असलेल्या जहाजाची ही दोन वर्षांतली कथा. इथे सहस्रकांचा प्रश्न आहे.

म्हणून असा दाखला शोधायला हवा, जिथे मर्यादित पाण्यावर, मर्यादित जमिनीवर लोकांनी एखादी रचना उभारली आणि ती उभारणाऱ्यांच्या पश्चात कित्येक पिढ्या चालवली. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक दाखले आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्यांच्या भागांत पसरलेले हे माजी मालगुजारी तलाव, बोलण्यातले मामा तलाव. गोंड राजवटीत जंगल तोडून तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखाली भिजेल ती जमीन देण्याची प्रथा होती आणि कोहळी समाजाने त्या कामात नाव काढले. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातही कोहळ्यांची ओळख भंडारा-चांद्याकडचे तलाव बांधणारे अशीच आहे. नवेगाव बांधचा मोठा जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधल्याचे परंपरा सांगते. १ मे १९९९ पर्यंत तोही भंडारा जिल्ह्यातच होता. साकोलीजवळचा शिवनीबांध आजही जिल्ह्यात आहे. टेकड्यांमधली खिंड हेरून घातलेली मातीची पाळ, पाणी सोडायचे तुडूम, जास्तीचे पाणी वाहून जायला सांडवा, खाली पाट, पाटाखाली धानाच्या बांध्या आणि पूर्वी ऊसही. यात कुठेही यंत्र नाही, पण या रचनेत कुठला भाग काय करतो हे गावातल्या प्रत्येकाला कळत होते. मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. गाळ साचला की तो काढून बांधीत टाकायचा, म्हणजे तलावाची खोली आणि शेताचा कस एकाच कामात राखला जायचा. ढीवरांना मासे, शिंगाडे आणि कमळकंद मिळायचे, गुरांना पाणी मिळायचे, उतरत्या पाण्यामागे उघड्या पडलेल्या गाळपेरात उन्हाळी पीक निघायचे. कोणाचा कशावर हक्क, हे ‘वाजिब-उल-अर्ज’ या गावच्या दप्तरात निस्तार हक्क म्हणून लिहून ठेवलेले असे. बायोस्फिअरच्या काचघरात जी गोष्ट हरवली ती, म्हणजे एका भागाचा टाकाऊ माल दुसऱ्या भागाचे अन्न कसे होते याचे सगळ्यांना असलेले भान, इथे रोजच्या व्यवहारात मुरलेले होते.

मग ही रचना मोडली कशी, हे तर तारायानाच्या कथेसाठी आणखी महत्त्वाचे आहे. पाळी फुटल्या म्हणून ती मोडली नाही. १९५० साली मध्य प्रदेश विधानसभेने मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा केला (भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता) आणि ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारच्या ताब्यात आले. जमीनदारी जायलाच हवी होती, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मालकी बदलताना सांभाळाची जबाबदारी कोणाच्या हाती जाणार, हे नीट ठरले नाही. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. ज्यांच्या बांध्या भिजत होत्या त्यांना गाळ काढायचा अधिकार उरला नाही, आणि ज्यांच्याकडे अधिकार गेला त्यांच्या बांध्या तिथे नव्हत्या. तलाव उथळ झाले, पाळींवर झुडपे माजली, पाण्यात बेशरम हे तण पसरले, पोटात अतिक्रमणे झाली. दोन-तीन शतके टिकलेली व्यवस्था दोन पिढ्यांत खिळखिळी झाली, आणि माती, पाणी, उतार यांपैकी काहीच बदललेले नसताना झाली. एखाद्या तारायानात दोनशेव्या वर्षी सत्तापालट होईल, कदाचित अगदी न्याय्य कारणासाठी होईल, आणि नव्या कारभाऱ्यांच्या यादीत हवा गाळणाऱ्या चाळणीचे नाव राहून जाईल. उल्कापातापेक्षा मला हा धोका मोठा वाटतो. आजवरच्या कॉमिक्समध्ये तो क्वचितच कोणी रेखाटला आहे.

याच तलावांत उलटा धडाही मिळतो. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था आणि ढीवरांच्या मासेमार सहकारी संस्था यांनी गोंदिया-भंडाऱ्यातल्या काही तलावांत बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या आणि देशी माशांना पुन्हा जागा करून दिली. कोणती वनस्पती माशाला खाऊ घालते, कोणती त्याला लपायला जागा देते, हे ज्ञान म्हाताऱ्या मासेमारांकडे शिल्लक होते म्हणून हे शक्य झाले. आणखी तीस वर्षे उशीर झाला असता तर विचारायलाही कोणी उरले नसते. ज्ञान पुस्तकात असणे आणि ते हातात असणे यातले अंतर तारायानावर जीवघेणे ठरेल.

यावर पहिला आक्षेप असा येईल की तलाव ही काही बंद रचना नव्हे. दर पावसाळ्यात आभाळ तिला नव्याने भरते, जहाजावर मृग नक्षत्र कुठून येणार? आक्षेप बरोबर आहे, आणि तुलना तिथे थांबते हे मान्य केले पाहिजे. पाण्यापुरते उत्तर यंत्रांनी बरेचसे शोधले आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर घाम, श्वासातली वाफ आणि लघवी यांतून ९८ टक्के पाणी परत मिळवता आल्याचे नासाने २०२३ मध्ये सांगितले. पण ते यंत्र चालते ते खालून सुटे भाग येत राहतात म्हणून. भाग यायचे थांबले की प्रश्न पुन्हा माणसांवर येतो: बिघाड कोण ओळखणार, कोणाच्या वाट्याचे पाणी आधी कमी करणार, आणि तो निर्णय बाकीचे का मानणार. वाजिब-उल-अर्जमध्ये याच प्रश्नांची उत्तरे लिहिलेली असत. पाऊस बाहेरून येत होता, पण वाटप गावातच ठरवावे लागे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मालगुजारी काही रामराज्य नव्हते. पाळ कोणाच्या घामाने उभी राहिली आणि बांधी कोणाच्या नावावर चढली, यात जात आणि वेठबिगार दोन्ही होती. ढीवरांना मासे मिळाले, मालकी मिळाली नाही. मग या व्यवस्थेचे गोडवे कशाला? मी गोडवे गात नाही. मी म्हणतो की चित्रकथाकाराने हे सगळे जहाजावर न्यावे. गावात अन्याय असह्य झाला तर माणूस नागपूरला, भिलाईला जाऊ शकतो. पूर्व विदर्भातून पिढ्यान्पिढ्या माणसे गेलीच आहेत. तारायानाला दुसरे गाव नाही. जन्माने ज्याच्या वाट्याला मलनिःसारणाची टाकी आली, तो ती सोडून कुठे जाणार? त्याने मुळात या प्रवासाला होकार कधी दिला? पाळ घालणाऱ्या कोहळ्याने नातवासाठी तलाव ठेवला तेव्हा नातवाला निघून जायची वाटही ठेवली होती. जहाज बांधणारा नातवापासून नेमकी तीच काढून घेतो. अंतराळप्रवासाच्या नैतिकतेतला यापेक्षा अवघड प्रश्न मला ठाऊक नाही, आणि जातीच्या अनुभवातून आलेला मराठी लेखक तो ज्या धारेने मांडू शकेल, तशी धार फ्लॅश गॉर्डनच्या वारसदारांकडून येणे कठीण.

तिसरा आक्षेप प्रकाशक घेतील: मुलांना वेग हवा, लढाई हवी, गाळ उपसण्याची चित्रे कोण विकत घेणार? याला उत्तर जपानने दिले आहे. माकोतो युकिमुरा यांची ‘प्लॅनेटीज’ ही चित्रकथा १९९९ ते २००४ या काळात प्रसिद्ध झाली. तिचे नायक पृथ्वीभोवतीचा कचरा गोळा करणारे कामगार आहेत. एका भटक्या स्क्रूमुळे बायको गमावलेला माणूस त्यात आहे. ती लोकांनी डोक्यावर घेतली, तिला विज्ञानकथेचा सेइउन पुरस्कार मिळाला, तिच्यावर दूरदर्शन मालिका झाली. त्सुतोमु निहेई यांच्या ‘नाइट्स ऑफ सिडोनिया’त लढाया भरपूर आहेत, पण वाचकाच्या मनात रुतून बसते ते वेगळेच: अन्न वाचवण्यासाठी प्रकाशसंश्लेषण करणारी बनवलेली माणसे. आणि चित्रकथेच्या माध्यमाची खरी ताकद पाहायची तर रिचर्ड मॅकग्वायर यांची ‘हिअर’ पाहावी. १९८९ मध्ये सहा पानांत आणि २०१४ मध्ये पुस्तकरूपात त्यांनी खोलीचा एकच कोपरा हजारो वर्षांच्या अंतराने एकाच पानावर दाखवला. कादंबरीला हे सांगावे लागते, चित्रपटाला एकामागून एक दाखवावे लागते. चित्रकथेत मात्र पणजोबा आणि पणती शेजारच्या चौकटींत उभे राहू शकतात, एकाच पाळीवर, एकाच तुडुमापाशी. शतकांच्या प्रवासासाठी याहून योग्य माध्यम नाही, आणि इतकी वर्षे आपण ते वेगाच्या रेघा ओढायला वापरत आलो.

चौथा आक्षेप भंडाऱ्यातूनच येईल, आणि तो ऐकून घेतलाच पाहिजे. धानाला भाव नाही, पोरांना काम नाही, आणि तुम्ही ताऱ्यांच्या गोष्टी करता? पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द धरणाकडे पाहा. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली. सुरुवातीचा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता, तो पुढे हजारो कोटींवर गेला. पायाभरणीला हजर असलेला शेतकरी म्हातारा झाला, तरी सगळे पाट सगळ्या बांध्यांपर्यंत पोहोचले नाहीत. ज्यांची गावे बुडाली त्यांच्या मुलांनी पुनर्वसनाच्या वसाहतीत आपली मुले वाढवली. एका पिढीने ठरवायचे, दुसरीने सोसायचे आणि तिसरीने मिळाले तर उपभोगायचे, ही आंतरतारकीय प्रवासाची रचना या जिल्ह्याने जमिनीवर भोगली आहे. म्हणून ही कथा इथल्या माणसासाठी चैन ठरत नाही. तलावाचा प्रश्न जिल्हा परिषदेच्या टिपणीत वाचून ज्या मुलाला झोप येईल, तोच प्रश्न चौथ्या पिढीच्या जहाजावर घडताना पाहून तो जागा राहील, आणि मग शाळेमागच्या तलावाचे तुडूम का बुजले आहे हे विचारील. माझ्या मते विज्ञानकथेचे हे सर्वांत उपयोगी काम आहे.

मराठीत विज्ञानकथेची परंपरा दुबळी नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने आली आणि पहिली ठरली. ते जयंत नारळीकर होते, नावाची आद्याक्षरे उलटी करून आलेले. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांनी आणि बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी शब्दांत जे उभे केले, त्याच्या तोडीचे चित्रांत उभे राहिलेले नाही. चित्रकार नव्हते म्हणून नव्हे. अमर चित्रकथेची पाने गाजवणारे प्रताप मुळीक पुण्याचेच होते. कमी पडली ती कथा आणि चित्र यांना एकत्र बसवून काम करायला लावणारी व्यवस्था. विज्ञान परिषदेने आपल्या कथास्पर्धेच्या जोडीला चित्रकथेसाठी, लेखक-चित्रकाराच्या जोडीला मिळून देण्याचे पारितोषिक ठेवावे. बालभारतीच्या ‘किशोर’ने, जे १९७१ पासून महाराष्ट्राच्या घराघरांत जाते, वर्षभर चालणारी एक क्रमशः चित्रकथा छापावी. आणि ती साकोली, लाखनी, पवनीच्या कोणा तरुण जोडीकडून करवून घ्यावी. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या धान घरी आल्यावर रात्र-रात्र गावांना खिळवून ठेवतात, तेव्हा गोष्ट सांगण्याची कमतरता या मुलखात नाही. त्या जोडीला पुण्या-मुंबईच्या कार्यशाळेत बोलावण्याआधी दोन ठिकाणी पाठवावे: भंडाऱ्याच्या अभिलेख कक्षात जुन्या गावांचे वाजिब-उल-अर्ज वाचायला, आणि एखाद्या मासेमार संस्थेच्या सभेत, ज्या दिवशी पाणी कमी आहे आणि वाटप ठरायचे आहे त्या दिवशी.